कार्टूनमधल्या मोकळ्या जागा

(पुण्यातल्या एका ग्रंथालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. संयोजकांनी मला विषय दिला तो 'लहानपणीची कार्टून्स आणि स्मरणरंजन' असा. हा विषय निघाला की काय होतं ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय. कुणीतरी एक नाव घेतं, दुसरा शीर्षकगीताची पहिली ओळ म्हणतो, तिसरी पुढची ओळ पुरी करते, आणि पाच मिनिटांत सगळी खोली दहा वर्षांची होते. मला त्यात मनापासून आनंद वाटतो. आज तसं झालं तर होऊ द्या.

पण मी बरीच वर्षं मुलांना अ‍ॅनिमेशन शिकवतोय, आणि एक प्रश्न डोक्यातून जात नाही. आपण पाहिलेली बरीचशी कार्टून्स बेताच्या पैशांत, घाईघाईनं काढलेली होती. ती मराठीत नव्हती. अनेकांनी ती रंगांतही पाहिली नाहीत. आठवड्यातून अर्धा तास मिळायची, त्यात वीज गेली तर तेवढीही नाही. मग ती इतकी खोल कशी रुजली? मला वाटतं, त्यांच्यात जे कमी होतं ते आपण भरत गेलो, म्हणून ती आपली झाली. आज हेच जरा सविस्तर बोलणार आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. १९७३मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र आलं आणि ते पुण्यात दिसू लागलं. पेठांतल्या कौलांवरच्या अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभ्या असायच्या. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. अँटेना फिरवायला वर कोण चढायचं आणि खिडकीतून 'आलं, आलं... गेलं' कुणी ओरडायचं, हे आपल्याला सांगायला नको.

देशात रंगीत प्रक्षेपण १९८२ साली आलं, पण वाड्यातल्या बिऱ्हाडांत रंगीत संच यायला त्यानंतर कितीतरी वर्षं लागली. आमच्या वाड्यात मालकांकडे शटरचा कृष्णधवल टीव्ही होता. रविवारी त्यावर स्पायडरमॅन लागायचा. ही मालिका अमेरिकेत १९६७ साली सुरू झालेली, आमच्यापर्यंत ती ऐंशीच्या दशकात पोचली. त्याचा पोशाख कुठल्या रंगाचा यावर आमच्यात रीतसर वाद झाले. एकाचं म्हणणं हिरवा, कारण तो भिंतीवर चढतो, म्हणजे पालीसारखा किंवा वेलीसारखा असणार. मालकीणकाकूंनी ठामपणे सांगितलं, 'केशरी आहे रे.' वहीत प्रत्येकाचा स्पायडरमॅन वेगळ्या रंगाचा. पुढे रंगीत चित्र पाहिलं तेव्हा लाल-निळा निघाला. तो दिसतो छानच, पण वहीतला रंग ज्याचा त्यानं ठरवलेला होता.

आणखी एक आठवा. त्या मालिकेत तो जाळ्याला लोंबकळत शहरावरून जातो. पुढच्या भागांमध्ये तेच झोके, त्याच इमारती पुन्हा पुन्हा दिसतात. कारण साधं आहे. पैसे संपत आले होते, म्हणून जुनी चित्रं परत वापरली. आम्हाला ते कळत नव्हतं असं नाही. 'परत तेच आलं' असं आम्ही म्हणायचोच. पण आमच्यातल्या एका मुलीनं त्याचा उलगडा केला: हा त्याचा रोजचा रस्ता आहे, बाबा नाही का रोज लक्ष्मी रोडनंच जात? आम्हा सगळ्यांना ते पटलं. निर्मात्याच्या रिकाम्या खिशानं पडलेलं भोक आठ वर्षांच्या मुलीनं असं बुजवलं.

आता थोडं तंत्र सांगतो, कारण या मोकळ्या जागा तंत्रातूनच येतात. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. प्रत्येक चित्र दोन चौकटींसाठी धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. सात मिनिटांच्या कार्टूनचा हिशेब ५,०४० चित्रांवर जातो, तोही एका पात्राचा. टॉम अँड जेरीची जुनी कार्टून्स अशा ऐपतीनं केलेली आहेत. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळात एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीसाठी अशी ११४ कार्टून्स केली, त्यांतल्या सातांना ऑस्कर मिळालं. ती टीव्हीसाठी नव्हतीच. थिएटरात मोठ्या चित्रपटाच्या आधी दाखवायची म्हणून केलेली होती. स्कॉट ब्रॅडलीचं संगीत टॉमच्या एकेका पावलाला बांधलेलं आहे. घरी जाऊन एकदा डोळे मिटून ऐका. मांजर जिना उतरतंय की चढतंय हे नुसतं कानांना कळतं.

मग एमजीएमनं कार्टून विभाग बंद केला. याच दोघांनी १९५७मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि टीव्हीकडे वळले. तिथे पैसा आणि वेळ दोन्ही अपुरे. त्यांनी काय केलं? पात्रांना कॉलर दिल्या, टाय दिले. योगी बेअर आठवतो? अस्वलाला टाय कशाला? टायच्या वरचं डोकं तेवढं हलवायचं, खालचं धड तेच ठेवायचं, आणि सांधा टायखाली झाकायचा. फ्लिंटस्टोन्सची गाडी धावते तेव्हा मागून तेच झाड, तीच घरं परत परत जातात. विद्यार्थी याला लबाडी म्हणतात. मी त्यांच्याशी भांडतो. थोडक्या चित्रांत हसवायचं तर संवाद चांगला लागतो, आवाज चांगला लागतो, डोळ्यांची एक उघडझाप अचूक जागी यावी लागते. हे कमी कष्टाचं काम नाही.

जपाननं हीच काटकसर वेगळ्या वाटेनं नेली. ओसामू तेझुका यांनी १९६३मध्ये 'अ‍ॅस्ट्रो बॉय' दर आठवड्याला दाखवायचं ठरवलं आणि चित्रं वाचवण्याच्या रीती बसवल्या. चेहरा स्थिर ठेवायचा, फक्त ओठ हलवायचे. पात्र उभं, मागचं आकाश सरकतं. यातूनच पुढे थांबण्याचं सौंदर्य आलं. आणि ते आपल्या पिढीच्या घरांत शिरलं 'जंगल बुक'मधून.

'जंगल बुक'वर मला जरा थांबायचंय. किपलिंगनं ही गोष्ट अमेरिकेत व्हरमाँटला बसून लिहिली, पुस्तक आलं १८९४ला. गोष्टीतलं जंगल मात्र शिवनीचं, म्हणजे आपल्या नागपूरच्या उत्तरेचं. १९८९मध्ये जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशननं तिची ५२ भागांची मालिका केली. १९९३मध्ये ती दूरदर्शनवर हिंदीत आली. शीर्षकगीत गुलज़ारांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं, आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. इतका लांबचा फेरा मारून ते जंगल दर रविवारी सकाळी पुन्हा महाराष्ट्राच्या शेजारी येऊन उभं राहायचं.

मी तेव्हा शाळेच्या वरच्या वर्गांत होतो. पण धाकटा भाऊ नेमक्या वयाचा होता, आणि त्याच्या टोळीचं मी जवळून पाहिलं. त्यांच्यात एक मुलगा होता, त्याला रविवारी सकाळी आईबरोबर कामावर जावं लागे. त्याला भाग पाहायला मिळत नसे. दुपारी तो आला की बाकीची पोरं त्याला सगळा भाग सांगत. एक जण सांगायला लागला की दुसरा त्याला अडवायचा, 'अरे, त्याच्या आधी बगीरा येतो!' सांगणं अर्थातच मराठीत. हिंदीतला शेरखान तिथे मराठीत गुरगुरायचा. आवाज नानांचा, त्यामुळे ते मराठी त्याला शोभायचंही. पाण्याचा जुना पाइप म्हणजे गोष्टीतला 'का' नावाचा अजगर. आणि जंगल म्हणजे तळजाई, कारण या पोरांनी पाहिलेलं सगळ्यांत दाट रान तेच होतं.

ज्यानं एकही भाग नीट पाहिला नव्हता, तो मुलगा खेळात शेरखान व्हायचा. त्याच्यासारखा शेरखान कुणालाच जमला नाही. इतरांच्या डोळ्यांसमोर पडद्यावरचा वाघ होता, त्याला तो वाघ निव्वळ ऐकलेल्या वर्णनातून उभा करावा लागे. त्याचा वाघ लंगडायचा, थांबायचा, मान वळवून बघायचा. मी आज अ‍ॅनिमेशनच्या वर्गात जे शिकवतो, ते त्या अंगणात मी पहिल्यांदा पाहिलं.

आमच्या लहानपणी मुलांना मराठीत रोज दिसेल असं कार्टून नव्हतं, अशी खंत आपण करतो. ती रास्त आहे आणि मी ती सोडणार नाही. मराठी मुलांना मराठीत कार्टून मिळायलाच हवं. पण त्या अंगणात, शाळेच्या मधल्या सुट्टीत, डबा खाताना पोरांनी दर आठवड्याला एक मराठी कार्टून स्वतःच केलं, हेही नोंदवून ठेवू या.

आपल्या मातीतलंही काही होतं. १९७४ साली फिल्म्स डिव्हिजननं काढलेला 'एक अनेक और एकता' हा लघुपट दूरदर्शननं इतक्यांदा दाखवला की तो आपल्याला पाठ आहे. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. जाळ्यात अडकलेल्या पाखरांची ती पंचतंत्रातली गोष्ट, आणि त्यात बालवयातल्या साधना सरगम यांचा आवाज आहे. चित्रं किती साधी! काही रेषा, मोजके रंग, उरलेली जागा चक्क मोकळी. मी ते वर्गात दाखवतो तेव्हा आजची मुलं आधी हसतात, आणि पाखरं जाळं घेऊन उडतात तिथे गप्प होतात.

त्याचं संगीत वसंत देसाईंचं. देसाई तरुणपणी प्रभात फिल्म कंपनीत घडले. प्रभात १९३३मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली, आणि १९३४मध्ये, 'अमृतमंथन'च्याच वर्षी, तिनं 'जंबू काका' नावाचं कार्टून केलं. कोल्ह्याची गोष्ट. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे ती जागा प्रभातचीच. पुण्याला ज्ञानेश्वर-तुकाराम पडद्यावर आणल्याचा अभिमान आहे, तो असावाच. पण त्याच कंपनीनं चित्रातला कोल्हाही चालवला होता, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? त्याच्याही आधी फाळक्यांनी मूकपटांच्या काळात आगकाड्या चौकटी-चौकटीनं हलवून त्यांना पडद्यावर नाचवलं होतं. आपल्याकडे ही कला परक्याकडून उसनी आणलेली नाही, तिचा धागा फक्त मध्येमध्ये तुटला.

पुढचं भराभर सांगतो. १९९५मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं, केबलवाल्यांनी वायरी टाकल्या, आणि कार्टून दिवसभर दिसू लागलं. रात्री त्याच चॅनेलवर टीएनटी नावाची दुसरी वाहिनी सुरू होऊन जुने इंग्रजी चित्रपट लागायचे, तो क्षण पोरांना आवडायचा नाही. त्या काळात वाढलेल्यांना डेक्स्टर, पॉवरपफ गर्ल्स, करेज हे तितकेच जिव्हाळ्याचे आहेत. डोरेमॉन आणि छोटा भीमवाल्यांनाही त्यांचे. कुठली पिढी भाग्यवान यात मला रस नाही.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: 'आजच्या मुलांना मोबाइलवर हवं तेव्हा हवं ते मिळतं, त्यांच्या कल्पनाशक्तीचं काय?' ताई, मुलांची कल्पनाशक्ती कुठेही गेलेली नाही. फक्त एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, त्यामुळे पाहिलेलं कुणाला सांगायला मध्ये वेळच राहत नाही. तो वेळ त्यांना आपण देऊ शकतो. भाग संपला की बंद करा आणि विचारा, काय झालं सांग बरं. मराठीत सांगायला लावा. चुकीचं सांगेल, वाढवून सांगेल, सांगू द्या. मी माझ्या भाचीबरोबर हे करतो, आणि तिनं सांगितलेला डोरेमॉन मला मूळ डोरेमॉनपेक्षा जास्त आवडतो.

जाता जाता एक विनंती. लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पी. के. नायर यांनी उभी हयात घालवून देशभरातून जुने चित्रपट शोधून तिथे आणले. फाळक्यांचं जे आज पाहता येतं, त्यातलं बरंच त्यांच्या शोधामुळे हाती लागलं. टीव्हीवरच्या प्रक्षेपणासाठी असं घरोघर हिंडणारं कुणी नव्हतं. ते जर कुठे शिल्लक असेल, तर तुमच्या-आमच्या माळ्यांवर व्हीएचएस कॅसेटमध्ये आहे. कुणी सामना टेप केला असेल, कुणी रविवारची सकाळ. त्यात मध्ये जाहिराती असतील, निवेदिका असेल, 'व्यत्यय'ची पाटी असेल, आणि एखाद्या कार्टूनचा हिंदी आवाज असेल जो आता दुसरीकडे कुठेच नाही. दर पावसाळ्यात त्या फितीला बुरशी लागते. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीनंही २०१६मध्ये काम थांबवलं, त्यामुळे चालू यंत्रं कमी होत जाणार. दिवाळीच्या साफसफाईत त्या कॅसेट रद्दीवाल्याला देऊ नका. आधी त्यांची डिजिटल प्रत करून घ्या, आणि करताना जाहिराती कापू नका. कॅसेटवर लेबल नसेल, तर घरातल्या मोठ्यांना विचारून त्यात काय आहे, कधीचं आहे, ते एका कागदावर लिहून आत ठेवा. ज्यांच्याकडे अशा कॅसेट असतील त्यांनी आज बाहेर टेबलावरच्या वहीत त्यात काय आहे तेवढं लिहून जा. यंत्र आणि ते चालवणारी मुलं माझ्याकडे आहेत.