उभ्या गाडीचा हिशेब

[दृश्य: राष्ट्रीय महामार्ग ४८, हत्तरगी ते काकती. मालवाहू गाड्यांची रांग.]

पुण्याहून बेंगळुरूकडे जाणारा हा महामार्ग कागल ओलांडून कोगनोळीपाशी कर्नाटकात शिरतो आणि निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर करीत धारवाडकडे निघून जातो. सरकारी दप्तरात त्याचा क्रमांक आता ४८ असला, तरी या भागातली जुनी माणसे अजूनही त्याला एनएच फोरच म्हणतात. निपाणी, चिकोडी, बेळगाव आणि खानापूर या तालुक्यांतल्या अनेक मराठी घरांचा संसार याच रस्त्यावर चालला आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे इथला मुलगा आधी सैन्यभरतीसाठी पहाटे धावू लागतो. भरतीत उंची, छाती किंवा वय आडवे आले, की त्याच्यापुढे उरतात ती कामे मोजकीच असतात: घरची थोडीशी शेती, बेळगावलगतच्या उद्यमबाग किंवा मच्छे या औद्योगिक भागांतल्या फौंड्रीतले भट्टीजवळचे काम, नाहीतर गाडीवर क्लीनर म्हणून जाणे. ट्रकचालकाच्या नोकरीकडे एक पेशा म्हणून गंभीरपणे पाहिले जात नाही, लग्नाच्या बैठकीत तर तिचा उल्लेखही हळू आवाजात होतो. हे चित्र अन्यायाचे आहे, असे आम्हाला हा माहितीपट करताना सतत वाटत राहिले.

हे काम शिकायला वर्षे लागतात. हलक्या वाहनाचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो, परंतु मालवाहतुकीच्या वाहनासाठी कायद्याने वीस वर्षे पूर्ण असावी लागतात आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हाताशी असावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर आली. मात्र परीक्षेच्या मैदानात इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवणे वेगळे आणि भरलेली दहा टायर गाडी घाटातून उतरवणे वेगळे. हे दुसरे शिक्षण उस्तादाच्या, म्हणजे मुरलेल्या चालकाच्या, शेजारी बसूनच मिळते.

[दृश्य: उद्यमबाग. कारखान्याच्या आवारात कास्टिंग भरणे चालू आहे.]

उद्यमबागेतून पुण्याकडच्या वाहन उद्योगाला जाणारा माल मुख्यत्वे लोखंडी कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागांचा, असतो. हा माल दिसायला थोडा आणि वजनाला भारी. हौदा गुडघाभरसुद्धा भरलेला दिसत नाही आणि तेवढ्यातच गाडीचे पासिंग, म्हणजे मंजूर वजन, पूर्ण होते. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने भारमर्यादा वाढवली, तेव्हा तीन आसांच्या, म्हणजे दहा टायर गाडीचे मालासह एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. वजन काट्यावर मर्यादेत बसले, तरी ते हौद्यात नेमके कुठे बसवले आहे हे पाहणे चालकाचेच काम असते. माल मागच्या फाळक्याकडे सरकला, तर पुढची चाके हलकी पडतात आणि वळणावर स्टिअरिंग ऐकेनासे होते. म्हणून अनुभवी चालक क्रेनवाल्याजवळ उभा राहून एकेक नग कुठे ठेवायचा ते हाताने दाखवतो, मधल्या फटींत लाकडी ठोकळे ठोकून घेतो, ताडपत्री ओढून दोर आवळतो आणि शेवटी टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन गाडीभोवती फिरत प्रत्येक टायरवर एक ठोका देतो. हवा भरलेला टायर टणक आवाज करतो, हवा उतरलेला भद्द वाजतो. जोडचाकांतल्या आतल्या टायरची हवा नजरेला दिसत नाही, तिथे हा कानच कामाला येतो.

बेळगाव सोडून उत्तरेला निघालेल्या गाडीला आधी वंटमुरीचा आणि मग निपाणीजवळ तवंदीचा घाट लागतो. सह्याद्रीच्या मोठ्या घाटांपुढे हे उतार फारसे कठीण वाटत नाहीत, आणि बेसावध माणूस नेमका इथेच सापडतो. ज्या गिअरमध्ये गाडी चढली असती, त्याच गिअरमध्ये ती उतरवायची, हा उस्तादाचा पहिला धडा. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल केलेली गाडी केवळ ब्रेकवर येते. सतत दाबलेल्या ब्रेकचे लायनर तापतात, तापलेला लायनर धरेनासा होतो, आणि वारंवार पाय दिल्याने ज्या हवेच्या दाबावर ब्रेक चालतो ती टाकीतली हवाही उतरत जाते. मीटरवर हवेचा काटा खाली येताना दिसला, तर शहाणा चालक घाटाच्या तोंडाशीच गाडी बाजूला घेतो, मागच्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी.

आता हा कसबी माणूस कोणासाठी काम करतो, ते पाहू. देशातले बहुसंख्य ट्रक हे पाचपेक्षा अधिक गाड्या नसलेल्या छोट्या मालकांचे आहेत, आणि सीमाभागही त्याला अपवाद नाही. छोटा गाडीमालक बहुधा गावातलाच, पुष्कळदा नात्यातला असतो. त्याच्याकडे पगार, खेपेमागे भत्ता आणि गरजेला उचल असा तोंडी व्यवहार चालतो. मुलीच्या बारशाला, आईच्या दवाखान्याला रात्री-अपरात्री पैसे मिळतात, आणि खंडेनवमीला गाडीची पूजा दोघे मिळून करतात. या आपुलकीची किंमत आम्ही कमी लेखत नाही. पण चालकाच्या हाती कागद कोणताच नसतो, आणि घेतलेली उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाण्याची सोयही नसते.

दुसरा मार्ग वाहतूक कंपनीचा. या व्यवसायातले मोठे उदाहरण बेळगावपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. विजय संकेश्वर यांनी १९७६ साली गदगमध्ये एका ट्रकवर सुरू केलेला व्यवसाय पुढे हुबळीला आला, व्हीआरएल लॉजिस्टिक्स या नावाने देशभर पसरला आणि २०१५ मध्ये शेअर बाजारात नोंदवला गेला. अशा संघटित कंपनीत नेमणुकीचे पत्र मिळते, पगार बँकेत जमा होतो, गाडीची दुरुस्ती ठरलेल्या वेळी होते. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो आणि त्याच्याशी जोडलेल्या विमा योजनेत, सेवेत असताना मृत्यू आल्यास, वारसांना सात लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. शिवाय कुटुंबाला निवृत्तिवेतनाचा हक्क राहतो. घरातला कर्ता पुरुष महामार्गावर दगावल्यावर काय होते, हे ज्यांनी आपल्या गल्लीत पाहिले आहे, त्यांना या एका ओळीचे मोल समजावून सांगावे लागणार नाही.

कंपनीत जाच नाही असे मात्र नाही. जीपीएसमुळे गाडी कुठे थांबली हे कार्यालयात बसून दिसते, चहाला वेळ झाला तरी फोन येतो, आणि डिझेलचे अॅव्हरेज ठरलेल्या आकड्याखाली गेले की फरक चालकाच्या माथी मारण्याची रीतही काही ठिकाणी आहे. तरीही विशीतल्या मुलाने सल्ला विचारला, तर आम्ही कागद देणाऱ्या मालकाच्याच बाजूने कौल देऊ, मग तो मालक मोठा असो वा छोटा.

[दृश्य: एका कारखान्याचे फाटक. बाहेर थांबलेल्या गाड्या. एका गाडीखाली हॅमॉक बांधून झोपलेला चालक.]

परंतु छोटा मालक असो की कंपनी, चालकाच्या मिळकतीतली एक मोठी गळती दोन्हीकडे सारखीच आहे आणि तिच्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नाही. चालकाला मिळणारा भत्ता खेपेवर किंवा किलोमीटरवर ठरतो, म्हणजे चाक फिरले तरच कमाई होते. प्रत्यक्षात त्याच्या आयुष्याचा केवढा तरी भाग चाक न फिरता जातो: माल भरण्यासाठी फाटकाबाहेर, माल उतरवण्यासाठी गोदामासमोर, बंदरावर आपला क्रमांक येईपर्यंत, आणि परतीचे भाडे मिळेपर्यंत दलालाच्या टपरीपुढे. पुणे बेळगावहून साधारण ३४० किलोमीटर, म्हणजे एका रात्रीची वाट. पण चाकणच्या फाटकावर शनिवारी संध्याकाळी पोहोचलेली गाडी सोमवारी आत घेतली गेली, तर त्या मधल्या रविवारचे जेवण, अंघोळ आणि शौचालयाचा खर्च चालक खिशातून करतो. गाडी सोडून जाता येत नाही, कारण माल, डिझेल आणि स्टेपनी या तिन्ही गोष्टी त्याच्या जबाबदारीवर असतात. तो झोपतो तीही राखणच असते.

कायद्याने कामाच्या तासांचा विचार केला नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांतील चालकासाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती, लांब पल्ल्यासाठी ती दहा आणि चोपन्न तासांपर्यंत वाढवता येत होती, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. याच कायद्यातल्या कामाच्या तासांच्या व्याख्येत गाडी धावण्याचा वेळ आला, त्याला जोडून असलेली कामे आली, आणि थांब्यावर नुसते हजर राहण्याचा वेळही आला. मात्र पंधरा मिनिटांहून कमी असलेला तेवढाच. फाटकाबाहेरच्या दीड दिवसाबद्दल त्या व्याख्येत एक शब्द नाही. पुढे २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला. ज्या मालकाच्या दोनच गाड्या आहेत, त्याचा चालक तर १९६१ च्या त्या चौकटीतही बसत नव्हता.

वाट पाहण्याची काही कारणे कमी झाली आहेत, हेही सांगायला हवे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमेवरचे करतपासणी नाके उठले. कोगनोळीच्या अलीकडे-पलीकडे कागदांची चळत घेऊन उभे राहण्याचे दिवस ज्यांनी काढले, ते हा बदल समाधानाने सांगतात. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यावर कोगनोळी, हत्तरगी आणि हिरेबागेवाडी या तिन्ही टोलनाक्यांवरचा खोळंबाही घटला. पण एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीला पन्नास हजार रुपयांवरच्या मालासाठी ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारा ऑनलाइन दाखला, आले. त्याची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते आणि बिलात गाडीचा क्रमांक भरला की ती चालू होते. बिल आधी काढून ठेवले आणि गाडी भरायला उशीर झाला, तर मुदत फाटकातच सरत जाते. ती वाढवून घेण्याची सोय आहे, पण ते काम माल पाठवणाऱ्याने किंवा ट्रान्सपोर्टने करायचे असते. त्यांनी आळस केला, तर रस्त्यात अडवला जातो तो चालक.

या सगळ्यापेक्षा वेगळी एक वाट आहे, ती गोव्याची. बेळगावच्या मार्केट यार्डात संध्याकाळी भरलेली भाजी चोर्ला किंवा अनमोड घाटाने रात्रीतून उतरते आणि सकाळच्या बाजाराला गोव्यात पोहोचते. कोबी, टोमॅटो आणि कोथिंबीर थांबत नाहीत, म्हणून या गाड्यांना कोणी फाटकाबाहेर ठेवत नाही. चालक दुसऱ्या दिवशी घरी जेवायला असतो. याच कारणाने खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम भागातल्या मुलांना ही खेप आवडते. तिची किंमत झोपेत मोजावी लागते, आणि मृगापासून पुढे धुक्यात बुडालेल्या घाटवळणांत ती झोप भरून काढण्याची मुभा नसते.

सीमाभागातल्या चालकाच्या वाट्याला आणखी एक थांबा येतो, जो इतरांच्या वाट्याला येत नाही. सीमावाद पेटला असताना ६ डिसेंबर २०२२ रोजी हिरेबागेवाडी टोलनाक्यापाशी महाराष्ट्राच्या पाटीच्या ट्रकांवर दगडफेक झाली, आणि त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. अशा दिवसांत केए २२ किंवा केए २३ या बेळगाव-चिकोडीकडच्या पाटीच्या गाडीवर बसलेल्या मराठी चालकाने जायचे कुठे? कोल्हापूरकडे त्याची पाटी कानडी ठरते, धारवाडकडे त्याची बोली मराठी ठरते. तो दोन्ही भाषा सफाईने बोलतो, ढाब्यावर अण्णा म्हणतो आणि मामाही म्हणतो, आणि तणाव निवळेपर्यंत एखाद्या पेट्रोलपंपाच्या आवारात गाडी लावून बसतो. त्या बसण्याचाही भत्ता नसतो.

सोयी हळूहळू येत आहेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली आहे. एप्रिल-मेच्या उन्हात इंजिनाशेजारी बसणाऱ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे, पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या तिच्या कक्षेत येत नाहीत, आणि फाटकाबाहेर इंजिन बंद ठेवल्यावर नव्या केबिनचाही फारसा उपयोग होत नाही.

म्हणून नोकरी शोधणाऱ्या तरुणाने पगाराच्या आकड्याआधी काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. नेमणुकीचे पत्र आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक मिळणार का? दोन चालक मिळणार की एकट्याने गाडी न्यायची? आणि गाडी उभी राहिली, तर कितव्या तासापासून किती पैसे? मोठे ट्रान्सपोर्ट मालाच्या मालकाकडून हॉल्टिंगची, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याची, आकारणी करतात, परंतु ती रक्कम चालकापर्यंत उतरेलच असे नाही. ती उतरवायची, तर गाडी फाटकावर कधी पोहोचली याचा पुरावा लागतो. काही चालक आता पोहोचल्याबरोबर फाटकाच्या पाटीसमोर गाडीचा फोटो काढून ट्रान्सपोर्टला पाठवतात आणि बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या वाहतूक पावतीवर, सुरक्षारक्षकाकडून वेळ लिहून घेतात. उद्यमबागेतल्या कारखानदारांनी, पुण्याकडच्या त्यांच्या ग्राहकांनी आणि दोहोंमधल्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी बिल्टीवर पोहोच आणि सुटका अशा दोन वेळांचा रकाना छापून घेतला, आणि हॉल्टिंगमधला चालकाचा वाटा करारातच लिहिला, तर त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.