संध्याकाळचं पाणी

(सकाळ. रामबागेतली गल्ली. नळाखाली भरत आलेली कळशी.)

इंदूरच्या मराठी घरांत सकाळचा प्रश्न ठरलेला: ‘आज नर्मदा येणार ना?’ पाणी नाही, नर्मदा. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून ती निघते, सुमारे 70 किलोमीटर येते आणि वाटेत विंध्य चढते. 1978 पासून पंप तिला टप्प्याटप्प्यानं वर आणताहेत. या चढणीला वीज इतकी लागते, की 2023 साली महापालिकेनं हरित रोख्यांतून, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घेतलेल्या कर्जातून, 244 कोटी रुपये उभे केले, ते जलूदच्या पंपांसाठी 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला.

म्हणजे पाणी वर नेणं किती महाग, हे या शहराला कुणी शिकवायला नको. तेच पाणी खाली सोडलं तर वीज परत मिळते. सगळी नाही. 100 युनिट खर्चून चढवलेलं पाणी उतरताना साधारण 75 ते 80 युनिट देतं. पाणी असं वर चढवून ठेवायचं आणि गरजेला खाली सोडून वीज घ्यायची, यालाच उदंचन म्हणतात. आपल्या सह्याद्रीत घाटघरला 250 मेगावॉटचा असा प्रकल्प चालतो.

(दुपार. माळव्यातली सौर पटलं, मागे गव्हाचं शेत.)

दुपारी ऊन भरपूर, वीजही भरपूर. संध्याकाळी सात वाजता घराघरांत दिवे लागतात, पंखे फिरतात, आणि पटलं मात्र गप्प असतात. कोळशाचा थंड बॉयलर तापायला कित्येक तास लागतात. धरणाची टर्बाइन काही मिनिटांत पूर्ण जोरात येते.

म्हणून धरणानं किती युनिट दिले, यापेक्षा ते कधी दिले, हे इथून पुढे मोलाचं. उन्हाच्या वेळी पाणी राखायचं, दिवेलागणीला सोडायचं. नर्मदेवर इंदिरासागर 1000 मेगावॉट, ओंकारेश्वर 520, पुढे गुजरातेत सरदार सरोवर 1450. एकच पाणी तीन ठिकाणी राबतं. सरदार सरोवराच्या नदीपात्रातल्या वीजघरातली सहा यंत्रं तर उलटी फिरून पाणी वर चढवू शकतील अशीच घडवलेली आहेत. ओंकारेश्वरच्या जलाशयावर 2024 पासून तरंगती सौर पटलंही वीज देताहेत: वर ऊन, खाली पाणी, दोघांची पाळी वेगळी.

नवी मोठी धरणं बांधा, असं मी म्हणणार नाही. इंदिरासागरासाठी 2004 साली हरसूद हे अख्खं गाव उठलं. लोकांनी आपल्या हातांनी आपली घरं पाडली. आहे त्या धरणांकडून वेळेचं काम घ्यावं, आणि उदंचनाची नवी तळी नदीच्या मुख्य पात्रापासून दूर, डोंगरात शोधावीत.

(नदीकाठ. पाण्यात उतरलेल्या पायऱ्या. आवाज नाही.)

पण हवं तेव्हा पाणी सोडणं म्हणजे खाली कुणी उभं आहे का, हे आधी बघणं. एप्रिल 2005. देवास जिल्ह्यातलं नर्मदाकाठचं धाराजी. भूतडी अमावास्येची जत्रा. रात्री भाविक पात्रात होते आणि वरून इंदिरासागरचं पाणी आलं. साठाहून अधिक माणसं गेली. पाणी जितक्या झटक्यानं वीज देतं, तितक्याच झटक्यानं ते काठावर चढतं. पाणी सोडण्याच्या वेळापत्रकात घाटावरच्या माणसाची वेळही लिहिलेली हवी.

(संध्याकाळ. ओंकारेश्वरचा घाट. भोंगा वाजतो. एक आजी नातवाचा हात धरून वरच्या पायरीवर येते. मग पाणी चढू लागतं.)