देव, आकडे आणि एक गिटार

नमस्कार श्रोतेहो. आज जायचंय १९९० सालात, न्यूयॉर्क शहराला लागून असलेल्या न्यू रोशेलला. तिथल्या पोरांचा रॅप गट ‘ब्रँड नुबियन’ आणि त्यांचा पहिला अल्बम ‘वन फॉर ऑल’. ही मंडळी ‘फाइव्ह पर्सेंट’ पंथाची. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत क्लॅरेन्स १३ एक्स यांनी १९६४ मध्ये तो सुरू केला. शंभरातले ८५ अंधारात, १० जणांना सत्य ठाऊक पण ते दडवतात, उरलेले ५ ते शिकवतात, अशी श्रद्धा. आकड्यांनाही अर्थ. एक म्हणजे ज्ञान, दोन म्हणजे शहाणपण, तीन म्हणजे समज. आणि सात म्हणजे देव. लक्षात ठेवा, सात म्हणजे देव. तो आभाळात नाही; कृष्णवर्णीय पुरुष हाच देव, असं ते मानतात.

आता माझी आवडती गोष्ट. या अल्बममधलं ‘स्लो डाउन’ एका रात्री स्टुडिओत लावलं. काचेपलीकडे आमचे ध्वनिमुद्रक, निवृत्तीला आलेले, रॅप म्हटलं की कपाळाला आठ्या. गिटार वाजली आणि ते एकदम ताठ बसले. “मॅडम, ही गिटार ईडी ब्रिकेलच्या गाण्यातली! कॅसेट आहे माझ्याकडे.” दुसऱ्या दिवशी जेवणाच्या डब्यासोबत कॅसेट आली. कव्हरला तडा, आतल्या कागदावर बॉलपेननं केलेल्या खुणा. ब्रिकेलच्या टेक्सासमधल्या बँडचं १९८८ चं ‘व्हॉट आय ॲम’. दोन्ही गाणी पाठोपाठ लावली. गिटार तीच, अगदी तीच. आणि ब्रिकेलच्या त्या गाण्यात काय आहे? धर्म म्हणजे कुत्र्याच्या तोंडावरचं हसू! धर्माची अशी थट्टा करणारं गाणं, आणि त्याचीच गिटार या श्रद्धाळू पोरांनी उचललेली. ध्वनिमुद्रक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “यांचा देव चिडत नाही वाटतं.”

बायकांना उपदेश करताना मात्र यांची जीभ सैल सुटते. ‘स्लो डाउन’मध्येही सुटलीय. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

पण ‘वेक अप’ ऐकाच. शब्दांत उघड धर्मोपदेश, आणि त्याच्या एका आवृत्तीत खाली जॅझ-फंक वादक रॉय एअर्सच्या उन्हाच्या गाण्याची चाल. आणि हो, हेडफोन काढा. कानात कोंबलेलं गाणं एकट्याचं होतं. ही पोरं गोल करून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत रॅप करायची. घरात चौघं असतील तर चौघांना बोलवा, आवाज वाढवा.

तर ऐकूया ‘स्लो डाउन’. आधी ती गिटार.