डोळ्याला इजा झाल्यानंतरचा पहिला अर्धा तास

सुरुवात लहान मुलांपासून करतो, कारण त्यांच्या डोळ्यांना होणाऱ्या सर्वांत वाईट इजांपैकी एक घरातल्याच वस्तूमुळे होते आणि ती पूर्णपणे टाळता येण्याजोगी आहे. तंबाखूच्या चुन्याची प्लास्टिकची पुडी मुलाच्या हाती लागते, खेळता खेळता दाबली जाते आणि ओला चुना थेट डोळ्यात उडतो. आम्लामुळे वरच्या थरातील प्रथिने साकळतात आणि ते बरेचदा तिथेच अडते. चुना मात्र अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणधर्माचा पदार्थ, असल्याने पेशींच्या आवरणातील स्निग्धांश फोडत खोलवर शिरत राहतो. बुबुळाच्या कडेच्या, त्याचा पृष्ठभाग पुन्हा तयार करणाऱ्या मूळ पेशी जळाल्या, तर नेत्रपेढीतून मिळालेले बुबुळ बसवले तरी ते सहसा टिकत नाही.

म्हणून दवाखान्याकडे धावण्यापूर्वी, नळाचे असो वा हंड्यातले, हाताशी असेल त्या स्वच्छ पाण्याने डोळा किमान अर्धा तास धुवावा. मूल ओरडेल, डोळे गच्च मिटून घेईल. तेव्हा एकाने डोके कुशीवर धरावे, दुसऱ्याने पापण्या उघडून धराव्यात आणि पाण्याची धार नाकाकडून कानाकडे सोडावी, म्हणजे चुना दुसऱ्या डोळ्यात जात नाही. तूप, मध, दूध यांपैकी काहीही घालू नये. पापणीच्या आत कण अडकलेला असू शकतो, त्यामुळे धुऊन झाल्यावर डॉक्टरांकडून पापणी उलटवून तपासून घ्यावीच.

फटाका, विटी किंवा कंपासचे टोक लागून डोळा फुटला असेल, तर मात्र नियम नेमका उलटा. अशा डोळ्याला पाणी लावू नये, रुतलेली वस्तू ओढू नये, घट्ट पट्टी बांधू नये. कागदी पेला भोवतालच्या हाडावर टेकेल असा पालथा ठेवून चिकटवावा आणि मुलाला काही खाऊपिऊ न घालता रुग्णालयात न्यावे, कारण भूल द्यावी लागण्याची शक्यता असते.

कामाच्या वयात आपल्याकडे मोठा धोका शेतात आहे. उसाची पात लागते, मळणीत कुसळ उडते, आणि ‘होईल बरे’ म्हणून दोन दिवस जातात. तेवढ्यात त्या ओरखड्यात बुरशी शिरते आणि पुढे डोळ्यात फूल पडते. नेपाळमधील भक्तपूर येथे गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ओरखडा आल्यावर लगेच साधे प्रतिजैविक मलम द्यायला सुरुवात केली. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, 18 तासांच्या आत उपचार मिळालेल्यांपैकी एकाच्याही बुबुळावर चिघळलेली जखम (व्रण) झाली नाही. आपल्याकडे मात्र औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडचे थेंब आणले जातात. त्यांनी लाली उतरते, दुखणे थांबते आणि बुरशी बिनबोभाट पसरते. हे मला फार अस्वस्थ करते.

उतारवयात इजेवाचूनही डोळा काही तासांत जाऊ शकतो. अचानक दाब वाढणाऱ्या काचबिंदूत डोके ठणकते, उलट्या होतात, आणि घरचे लोक पित्त समजून सोडा देत बसतात. अशा वेळी डोळा लाल आहे का आणि दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात का, एवढे विचारावे. याउलट एका डोळ्याची नजर न दुखता एकाएकी गेली, तर दुखत नाही म्हणून सकाळची वाट पाहिली जाते. अशा वेळी डोळ्याच्या आतल्या पडद्याला (दृष्टिपटलाला) रक्त पुरवणारी रोहिणी बंद पडलेली असू शकते आणि तो पक्षाघाताचाच प्रकार आहे; अशा रुग्णाला, रात्र असली तरी, पक्षाघातावर उपचार होतात अशा रुग्णालयात त्याच क्षणी न्यावे.