जवसाचं तेल आणि गालावरचा थेंब

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? तर विषय छापलाय 'रेनेसान्समधला क्रूस : भावना आणि तंत्र', आणि माझं भांडण मुळात त्या 'आणि'शीच आहे. मैफिलीतून उठताना लोक म्हणतात ना, तयारी जोरदार हो पण भाव नाही, जशा काही दोन वेगळ्या डब्यातल्या वस्तू.

एक किस्सा सांगतो, लांबेल जरा. माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये टूरबरोबर गेलो होतो, गाइडने अख्ख्या म्युझियमला पन्नास मिनिटं दिलेली, त्यातली दहा टॉयलेटच्या रांगेत गेली (हसताय काय, निम्मा ग्रुप साठीपुढचा, मी धरून). ज्या चित्रासाठी पैसे भरले ते समोर, रोहिर व्हान डर वायडनचं, साधारण 1435 चं, येशूला क्रूसावरून उतरवतायत, आणि ही बाई छत्री हलवतेय, चला चला, पुढे वेलास्केसची चित्रं! मी हललोच नाही. शेजारी आमच्यातल्या एक काकू, चित्रकलेशी संबंध रांगोळीपुरता, हळूच म्हणाल्या, "अहो, आईपण गेली की काय हिच्या मारी?" मी गार. कारण वायडनने केलंय नेमकं तेच, बेशुद्ध पडलेल्या मेरीला येशूसारखाच बाक दिलाय, तसेच लोंबते हात. त्यात दहा माणसं एका उथळ सोनेरी कोनाड्यात कोंबलीत, नजर पळवायला मागे डोंगर नाही की आभाळ नाही. चित्र लूव्हेन गावच्या धनुर्धाऱ्यांच्या गिल्डचं, म्हणजे संघाचं, म्हणून वरच्या कोपऱ्यांत इवलीइवली धनुष्यं, आपल्या मंडळाच्या कमानीवर देणगीदार असतो तसं.

आता या चित्रातले अश्रू. अंड्याच्या बलकातला रंग बघता बघता वाळतो, छटा एकमेकीत मुरवता येत नाहीत, बारीक रेघा ओढत बसा. तेलरंग ओला राहतो, वाळला की वर पातळ थर चढवता येतात, उजेड आत शिरून परत येतो. म्हणून गालावरचा थेंब ओला दिसतो. आणि तेल बहुतेकदा कसलं, तर जवसाचं! आपण चटणी करून मोकळे झालो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, पळवतो. चित्रकार मासाच्चो, फ्लॉरेन्स, सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधलं 'ट्रिनिटी', 1427 च्या आसपास, भित्तिचित्र. इथे मेरी रडतच नाही, आपल्याकडे बघते आणि हाताने पोराकडे दाखवते. पर्स्पेक्टिव्हच्या, म्हणजे सपाट भिंतीवर खोली दाखवणाऱ्या रेषा क्रूसाच्या पायथ्याशी, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर मिळतात, म्हणजे तुम्ही थेट चित्रातल्या कमानीखालीच उभे. भूमितीने केलेलं काम आहे हे.

तिसरा चित्रकार ग्रुनेवाल्ड, क्रूसावरचा येशू, 1512 ते 16, इझेनहाइमच्या मठासाठी. तिथे राय धान्यावरच्या बुरशीने अंग जळणारे, हातपाय सडणारे पेशंट यायचे, आणि त्याने येशूच्या अंगावर फोडच फोड रंगवले, कातडी हिरवट, पेशंटने बघावं आणि म्हणावं, यालापण झालंय. खिळ्यांभोवती बोटं कशी वळलीत बघा, पुढची स्लाइड... अहो लाइट नका ना लावू. लावले. बरं, चहाला भेटा, मोबाइलवर दाखवतो.