ई-कॉमर्सचा पहिला तास आणि सादळलेलं भडंग

(सांगलीत बी.कॉम.च्या पोरांपुढं घेतलेल्या पहिल्या तासाचं रेकॉर्डिंग ऐकून उतरवलंय, मधले हशे आणि खोकला काढून टाकलाय.)

मागच्यांनी पुढं या बघू, पंखा इथं पण फिरतोय. तर, पेपरचं नाव ई-कॉमर्स, आणि तुमच्यातल्या निम्म्यांना वाटतंय की सर आता वेबसाइट बनवायला शिकवणार, तर तसलं काही नाही, वेबसाइट दोन-चार हजारात कुणीपण करून देतंय. बाजारात आपण जे हातानं, नाकानं, डोळ्यानं तपासतो ते सगळं बंद झालं तर त्या जागी काय ठेवायचं, एवढाच आपला वर्षभराचा विषय आहे.

मार्केट यार्डात हळदीचा सौदा कुणी बघितलाय? घरात शेती असेल त्यांनी बघितला असणार. व्यापारी येतो, ढिगातलं एक हळकुंड उचलतो, कट्टकन मोडतो, आतला रंग बघतो आणि तेवढ्यावर लाखाची बोली लावतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मिळालं, म्हणजे हा माल याच भागातला अशी सरकारी नोंद, चांगलं झालं, पण त्या व्यापाऱ्याला जीआय नको असतं, त्याला हळकुंड मोडायला पाहिजे असतं. आता मला सांगा, फोनवर हळकुंड कसं मोडणार? फोटोत सगळीच हळद पिवळी. मग मोडण्याच्या जागी आलं काय काय, तर लोकांचे रिव्ह्यू, रिटर्न पॉलिसी, लॅबचा रिपोर्ट, आणि हो, ते जीआय पण, कारण दिल्लीत बसलेल्या बाईला आपला यार्ड माहीत नाही. सरकारनं १४ एप्रिल २०१६ ला ई-नाम सुरू केलं, म्हणजे एका बाजार समितीतला माल दुसऱ्या गावच्या व्यापाऱ्यानं स्क्रीनवर बघून बोली लावायची, तर तिथं पण हीच अडचण, मालाची तपासणी कोण करणार आणि त्या तपासणीवर भरवसा कोण ठेवणार. सॉफ्टवेअर होऊन जातं ओ, भरवसा होत नाही.

म्हणूनच बघा, अमेझॉननं १९९५ ला विकायला काय काढलं, तर पुस्तकं. फ्लिपकार्टनं २००७ ला, परत पुस्तकं. वाचनाची लय आवड म्हणून नाही, पुस्तक मोडून बघावं लागत नाही म्हणून, सांगलीतलं आणि सिॲटलमधलं पुस्तक सेमच. आणि आपल्याकडं त्याच्याही आधी २००२ पासून लोक रेल्वेचं तिकीट नेटवरनं काढत होती, तिकिटाला वास पण नसतो आणि ते आंबत पण नाही.

मार्केटप्लेस हा शब्द पुस्तकात चार पानं समजावलाय, मी एका शब्दात सांगतो, अडत. अडत्या मालाचा मालक नसतो, तो जागा देतो, गिऱ्हाईक देतो आणि कमिशन घेतो. परदेशी पैसा असलेल्या कंपनीनं आपल्याकडं अडत चालवायची, स्वतःचा माल साठवून थेट गिऱ्हाइकाला ऑनलाइन विकायचा नाही, असा ढोबळ नियम आहे, अपवाद पुढच्या आठवड्यात बघू.

आता माझी फजिती. बायको आणि मेहुणी भडंग झकास करतात, लसूण-तिखट मारलेलं, तर म्हटलं पुण्या-मुंबईतल्या सांगलीकरांना ऑनलाइन विकू. अर्ध्या किलोचे चार पुडे, म्हणजे दोन किलो माल, खोका ४० बाय ३० बाय २५ सेंटिमीटरचा. कुरिअरवाल्यानं काट्यावर ठेवलं, मान हलवली आणि बिल केलं सहा किलोचं. मी भांडलो, आवाज चढवला, चार माणसं जमली. त्यानं शांतपणे कॅल्क्युलेटर काढला, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, ३०,०००, भागिले ५,०००, सहा. याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात, गाडी वजनानं भरायच्या आधी जागेनं भरते म्हणून खरं वजन आणि हे वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे. दोन किलो हळद पावडर एवढ्याशा खोक्यात बसते, दोनाचेच पैसे पडतात. भडंगात आम्ही चुरमुऱ्यांसोबत हवा पाठवत होतो आणि हवेचं भाडं भरत होतो! कॉमर्स शिकवणारा माणूस मी, हे मला त्या काउंटरवर कळलं.

पुढचं ऐका. एक ऑर्डर आली नागपूरची, कॅश ऑन डिलिव्हरी. ही काय नवी भानगड नाही, तुमच्या आज्यानं पोस्टातनं व्हीपीपीनं पुस्तकं मागवली असतील, पोस्टमन दारात आला की पैसे द्यायचे आणि पार्सल घ्यायचं, तेच हे. फ्लिपकार्टनं २०१० ला ते सुरू केलं आणि कार्ड नसलेली, कार्डाला भिणारी सगळी माणसं गिऱ्हाईक झाली. पण यात धोका कुणाचा? पैसे आधी दिले तर गिऱ्हाइकाचा, नंतर दिले तर दुकानदाराचा, धोका कुठं जात नाही, नुसती कूस बदलतो. नागपूरच्या साहेबांनी दारात पार्सल नाकारलं. अकराव्या दिवशी खोका परत आमच्या दारात, एक कोपरा चेपलेला, जातानाचं भाडं आम्ही दिलेलं आणि येतानाचं पण आम्हीच. पुडा फोडून तोंडात टाकलं तर पार सादळलेलं, वातड. मेहुणीनं ते शेजारच्या म्हशीपुढं टाकलं, तिखटामुळं म्हशीनं पण तोंड लावलं नाही.

यूपीआय २०१६ ला आलं तेव्हापासून बरीच लोकं आधीच पैसे देतात, तेवढं बरंय. मधल्यामध्ये एक सांगून ठेवतो, पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, कुणी टाक म्हटलं तर फोन ठेवायचा. घरी आईला पण सांगा.

पुढच्या तासाला प्रत्येकानं घरी आलेल्या पार्सलचा रिकामा खोका आणायचा, पत्ता आणि नंबर फाडून टाकून. पट्टीनं मापायचा, पाच हजारानं भागायचं, आतल्या वस्तूचं खरं वजन शेजारी लिहायचं. आणि ज्या ॲपवरनं घेतलं तिथं विकणाऱ्याचं नाव, पत्ता, माल कुठल्या देशातला आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव सापडतंय का बघायचं, २०२० च्या ग्राहक संरक्षणाच्या ई-कॉमर्स नियमात हे दाखवायलाच पाहिजे असं आहे. किती वेळ शोधावं लागलं ते घड्याळ लावून लिहा. काय रे, खोका नाही? मग माझ्याकडं तो नागपूरचा आहे, ये घेऊन जा.