आजोबांचं नाव

नमस्कार श्रोतेहो.

आज एका नावाची गोष्ट सांगायची आहे. नाव आहे अली. ते कानात ठेवा, कारण पुढे याच नावापायी एक सरकार पडणार आहे.

सोमालियात, मोगादिशू शहरात, 1969 साली अयानचा जन्म झाला. पुढे नेदरलँड्समध्ये खासदार झालेल्या अयान हिर्सी अली त्या याच. वडील हिर्सी मगान इसे हे हुकूमशहा सियाद बर्रेचे विरोधक. त्यांना तुरुंगात टाकलेलं. घरी आई आणि आजी. आजीचं सगळं आयुष्य गुरांमागे माळरानं तुडवण्यात गेलेलं. ती पाच वर्षांच्या नातीला झाडाखाली चटईवर बसवायची आणि वंशावळ म्हणून घ्यायची. मी अयान, हिर्सीची मुलगी. हिर्सी मगानचा मुलगा. मगान इसेचा मुलगा. आपण पाढे म्हणायचो ना, तसं. सोमाली माणसं परक्या मुलखात भेटली की आपापल्या पूर्वजांची नावं सांगत मागे जातात. एक नाव जुळलं की नातं लागलं, मग पाणी मिळतं, आसरा मिळतो.

आपल्याकडे श्राद्धाला गुरुजी तीन पिढ्या विचारतात, तर पणजोबांपाशीच आपण अडतो. पणजीचं माहेरचं नाव तर कुणालाच ठाऊक नसतं. आता विषय निघालाच आहे तर बोलते. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं मुलीचं नवं नाव लिहितात, ते थांबवा हो. पंचवीस-तीस वर्षं जे नाव तिनं वागवलं, ज्या नावानं आईनं हाका मारल्या, ते एका दुपारी पुसून टाकायचं कशासाठी? असो. अयानकडे येऊ.

याच आजीनं, वडील तुरुंगात असताना आणि त्यांचा विरोध असताना, नातीची सुंता करवून घेतली. मुलीची सुंता. पाच वर्षांची पोर होती ती. पुढे सौदी अरेबिया, इथिओपिया, केनिया असं कुटुंब फिरत राहिलं. 1992 साली वडिलांनी कॅनडातल्या एका नातलगाशी लग्न ठरवलं. तिकडे जाताना वाटेत जर्मनीत मुक्काम होता. तिथून अयान कॅनडाच्या विमानात बसलीच नाही. ती रेल्वेनं नेदरलँड्सला गेली आणि आश्रय मागितला. घरचे शोधत येतील ही धास्ती. म्हणून अर्जावर मगान लिहिलं नाही, अली लिहिलं. जन्मतारीख बदलली. केनियातली वर्षं लपवून, थेट सोमालियातल्या यादवीतून आले असं सांगितलं. हे खोटं होतं, आणि 2002 साली राजकारणात येताना त्यांनी ते स्वतःच उघड केलं. हे लक्षात असू द्या, त्यांनी स्वतःच उघड केलं.

मधली वर्षं भराभर सांगते. साफसफाईची कामं, मग दुभाषीचं काम, लायडन विद्यापीठात राज्यशास्त्र, 1997 मध्ये नागरिकत्व, 2003 मध्ये उदारमतवादी व्हीव्हीडी पक्षाच्या खासदार. दुभाषी म्हणून मारहाण झालेल्या बायकांच्या कहाण्या डच भाषेत सांगता सांगता त्या स्वतःच्याच धर्माला प्रश्न विचारू लागल्या. 2004 साली थिओ व्हान गॉग यांच्यासोबत त्यांनी इस्लाममधल्या स्त्रियांवर एक छोटी फिल्म केली. हा थिओ म्हणजे चित्रकार व्हान गॉगच्या भावाचा पणतू. 2 नोव्हेंबरला सकाळी सायकलवरून जाताना ॲमस्टरडॅमच्या रस्त्यात त्याचा खून झाला. खुन्यानं सुऱ्यानं त्याच्या देहावर चिठ्ठी खोचली होती. धमकी अयान यांना होती. त्या अज्ञातवासात गेल्या आणि जानेवारीत संसदेत परतल्या.

आता 2006 साल. एप्रिलमध्ये शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून कोर्टानं त्यांना घर सोडायला सांगितलं. पहारा असलेल्या बाईशेजारी राहायचं म्हणजे जिवाला धोका, असं शेजाऱ्यांचं म्हणणं. मे महिन्यात टीव्हीवर त्यांच्या अर्जाची गोष्ट पुन्हा आली. चार वर्षांपूर्वी सांगून झालेलीच गोष्ट. आणि त्यांच्याच पक्षाच्या मंत्री रिटा व्हरडोंक म्हणाल्या, खोट्या नावावर घेतलेलं नागरिकत्व मुळी झालंच नाही. अयान यांनी खासदारकी सोडली.

संसद खवळली. शोधाशोध सुरू झाली. आणि सापडलं काय? आजोबा मगान! मगान हे आजोबांचं टोपणनाव होतं, अर्थ रक्षणकर्ता. जन्मनाव होतं अली. सोमाली रिवाजानं नातीला आजोबांचं नाव लावता येतं. म्हणजे नाव खोटं नव्हतंच. आजीनं घोकून घेतलेल्या वंशावळीनं, तीस वर्षांनी, हेगच्या संसदेत नातीला आसरा दिला. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी पुरत नाही.

जूनअखेर नागरिकत्व कायम झालं. पण चूक माझीच होती, असं पत्र व्हरडोंक यांनी अयान यांच्याकडून सही करून घेतलं होतं. त्यावरून रात्रभर वाद झाला, डी सहासष्ट हा मित्रपक्ष बाहेर पडला आणि पंतप्रधान बाल्कनेंडे यांचं सरकार कोसळलं.

त्यांचं सगळंच मला पटत नाही. सगळ्या मुसलमानांना एकाच मापानं त्या मोजतात, तिथं मी त्यांच्यासोबत नाही. पण पाच वर्षांच्या पोरीच्या बाजूनं बोलताना त्यांचा आवाज दबला नाही, त्याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे.

पुढे त्या अमेरिकेत गेल्या, तिथल्या नागरिक झाल्या. बरीच वर्षं नास्तिक म्हणवून घेतल्यावर 2023 मध्ये आपण ख्रिस्ती झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. देश बदलले, पक्ष बदलला, धर्म बदलला. अली हे नाव मात्र त्यांनी सोडलं नाही.

नमस्कार.